पूर्ण नाव सांगा ना!

नमस्कार मंडळी! नागपुरात भाड्याची खोली शोधली असेल, तर हे ऐकलंच असेल. "नाव?" "राहुल." "पूर्ण नाव सांगा ना!" आडनाव कळलं, की लगेच, "नॉनव्हेज खाता का?" आणि मग, "घरी विचारून सांगतो." आता सावजीच्या गावात हा प्रश्न खरंच मटणाचा असतो का, बाप्पा?

घरमालकाला विचारा, म्हणेल, "आपण जातपात मानत नाही." आणि तो मनापासून बोलत असतो! खरी भानगड तिथेच आहे.

हेन्री ताजफेल नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. पोलंडचा ज्यू, घरचे लोक नाझींनी मारलेले. 1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलमध्ये त्याने 14-15 वर्षांच्या शाळकरी पोरांचे दोन गट पाडले. पोरांना सांगितलं, तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली, तुम्हाला कँडिन्स्की या चित्रकाराची. प्रत्यक्षात वाटणी आंधळी होती. मग प्रत्येक पोराला दुसऱ्या पोरांमध्ये पैसे वाटायला सांगितलं. कोणाला देतोय ते माहीत नाही, फक्त नंबर आणि गट. स्वतःच्या खिशात छदाम येणार नाही. तरी पोरं आपल्या गटाकडे झुकली. त्याहून वाईट म्हणजे, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त पाहिजे, असाही कल दिसला. भांडण नाही, जुना राग नाही. नुसतं "आपले" म्हटलं, एवढ्यावर!

आपल्याकडे तर हजारो वर्षांचा राग आणि उतरंड दोन्ही तयार आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली एक अभ्यास छापला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. दलित आणि मुस्लिम नावांना पुढचं बोलावणं कमी आलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी दार आपटलं नाही. कागद बाजूला सरकला, बस्स.

1956 साली दीक्षाभूमीवर लाखोंनी धर्म बदलला. आडनावं बहुतेकांची तीच राहिली, आणि घरमालक तीच वाचतो.

खोली द्यायची असेल, तर भाडं, डिपॉझिट, अटी आधी लिहून ठेवा, नाव नंतर विचारा. नकार द्यायचा झाला, तर कोणत्या अटीवर अडलं ते समोरच्याला दाखवा. जो जाणूनबुजून नाही म्हणतो, त्याच्यावर हा उपाय चालत नाही. त्याचा व्हिडिओ वेगळा करू, तो लांबणार आहे.