ओळखीची सही आणि क्लबचं रजिस्टर

(तालुक्याच्या गावातल्या एका फॅमिली क्लबात उन्हाळी शिबिराआधी झालेलं बोलणं, थोडं नीट करून लिहिलेलं.)

नमस्कार मंडळी. कूलरचा आवाज फार आहे, मागे ऐकू येत नसेल तर पुढे येऊन बसा, पहिल्या दोन लाइनी नेहमीसारख्या रिकाम्याच आहेत. अध्यक्षसाहेब म्हणाले की ताई, पुढच्या आठवड्यात पोहण्याचा टँक सुरू होतो, पोरांचं शिबिर आहे, तर पोरांच्या लैंगिक छळाबद्दल थोडं कायद्याचं सांगा पण पालकांना घाबरवू नका. कायद्याचं सांगते. घाबरायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

इथं यायच्या आधी मी तुमचा मेंबरशिपचा फॉर्म मागवून घेतला. नाव, पत्ता, नोकरी-धंदा, रक्तगट, बायको-मुलांची नावं, दोन फोटो, आणि खाली दोन जुन्या मेंबरांच्या सह्या, अनुमोदक म्हणून. रक्तगट आहे, पण माणूस बदली होऊन आला तर आधीच्या गावात कोणत्या क्लबात होता, तिथं पोरांचं काही बघायचा का, तिथून का निघाला, असा एकही रकाना नाही. आणि त्या दोन सह्या कशा होतात ते मला सांगायची गरज नाही, मी याच भागातली आहे. टपरीवर चहा होतो, फॉर्म पुढे सरकतो, "करा न भाऊ सही, आपलेच आहेत साहेब", झाली सही. सोयरीक जुळवायची असली की आपण तीन गावांत माणसं पाठवतो, पोरगा पितो का, शेती खरंच नावावर आहे का, पहिलं कुठं मोडलं होतं का, सगळं काढतो, आणि इथं आपलं आठ वर्षांचं पोरगं रोज दोन तास ज्याच्या ताब्यात देतो त्याच्यासाठी एक फोन लावत नाही. माझी सगळी तक्रार या ओळखीच्या सहीशी आहे.

कारण या विषयात धोका ओळखीतूनच येतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास छापला, १३ राज्यांतली १२,४४७ मुलं त्यात बोलली. निम्म्याहून जास्त मुलांनी, ५३.२२ टक्के, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास देणाऱ्यांत निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर भरवसा टाकलेला असे होते. अजून एक, जे ऐकून आपल्याकडचे बाप लोक खुर्चीत हलतात. त्रास झालेल्या मुलांमध्ये मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच निघाले. तेव्हा "माझं पोट्टं आहे, पोरगी थोडीच आहे" हे डोक्यातून काढा. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवायचा कायदा, २०१२ चा, त्यातही १८ वर्षांखालचं कोणीही म्हणजे बालक, मुलगा असो की मुलगी.

आणि आपण काय करतो? आपण बाहेरच्यावर नजर ठेवतो. बहुरूपी आला, डबे-भंगारवाला आला, कापूस वेचायला आलेली बाहेरगावची माणसं दिसली की लगेच ग्रुपवर मेसेज, "पोरं सांभाळा, टोळी फिरते आहे". १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं आठवतं ना, पोरं पळवणारे समजून भिक्षा मागायला आलेली भटक्या समाजाची पाच माणसं लोकांनी ठार मारली. पाच निरपराध माणसं गेली आणि त्यातून एकही पोरगं जास्त सुरक्षित झालं नाही. म्हणून आधीच सांगून ठेवते, मेंबरांची चौकशी म्हणजे कोण कोणत्या जातीचा, कोणत्या वस्तीतला, भाड्यानं राहतो का, हे बघणं नव्हे. त्या नावाखाली कोणाला बाहेर ठेवायचं असेल तर माझं भाषण तुमच्या कामाचं नाही.

आता कायदा. पॉक्सोचे नियम २०२० साली नव्याने आले, त्यात लिहिलंय की मुलांशी नेहमी संबंध येतो अशा संस्थांनी, म्हणजे शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी आणि मुलांसाठीची दुसरी कोणतीही सोय, आपल्या स्टाफची पोलीस पडताळणी वेळोवेळी करून घ्यायची. पर्मनंट असो की कंत्राटी, सगळ्यांची. तर तुमचा सीझनपुरता येणारा पोहण्याचा कोच, टँक साफ करणारा, वॉचमन, पोरं आणणारा व्हॅनवाला, हे सगळे त्यात धरून चाला, "आम्ही काय अकादमी आहोत का" असा वाद घालत बसू नका. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवर अत्याचाराचा जो प्रकार झाला त्यातला आरोपी शाळेत कंत्राटावर सफाईला होता, लागून महिनाही झाला नव्हता. कंत्राटदारानं माणूस दिला म्हणून चौकशी कंत्राटदाराची, असं होत नाही बाप्पा.

पण मेंबरांचं काय? तो नियम स्टाफपुरता आहे, मेंबरांबद्दल त्यात काही नाही. आणि तुमच्या शिबिरात कॅरम कोण शिकवतं, कोजागिरीला पोरांची नाटुकली कोण बसवतं, हुरडा पार्टीला दहा पोरं आपल्या गाडीत कोंबून शेतावर कोण नेतं? मेंबरच. म्हणून इथलं काम कायदा करणार नाही, तुम्हाला बसून करावं लागेल.

पडताळणी करा, नक्की करा, पण तिच्यात काय येतं ते समजून घ्या. पोलीस बघतात की या माणसावर गुन्हा नोंदलाय का. ज्याच्याविरुद्ध कोणी कधी तक्रारच दिली नाही त्याचा कागद तुमच्या-माझ्या कागदाइतकाच स्वच्छ येतो, आणि आपल्याकडे किती तक्रारी ठाण्यापर्यंत जातात ते तुम्हाला माहीत आहे. परवा एक जण मला विचारत होते, ताई, ती सरकारची गुन्हेगारांची यादी आहे म्हणे, त्यात नाव टाकून बघता येत नाही का? आहे, लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी २०१८ ला सुरू झाली, पण ती पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे, तुम्हाला-मला उघडता येत नाही. म्हणून कागदापेक्षा मला फोनवर जास्त भरवसा आहे. आधीच्या गावच्या क्लबला, शाळेला, व्यायामशाळेला फोन लावा आणि "माणूस कसा आहे" असं विचारू नका, त्याला सगळे "चांगला आहे" म्हणतात. विचारा, "तुम्ही यांना पोरांसाठी परत बोलवाल का?" समोरचा थांबला, विषय बदलला, तर अजून एक फोन लावा. त्या थांबण्यावरून कोणाला दोषी ठरवू नका, फक्त घाई करू नका.

आणि नवीन मेंबर आला की पहिले सहा महिने त्याला पोरांच्या कोणत्याच कार्यक्रमाची जबाबदारी नको. तहसीलदार असो, डॉक्टर असो, मी असो. येऊ द्या, बॅडमिंटन खेळू द्या, फॅमिली येऊ द्या. चांगल्या माणसाला सहा महिने थांबायला काही वाटत नाही, आणि ज्याला फार वाटतं त्याच्याकडे थोडं लक्ष असू द्या.

खरा जोर मात्र मी नियमांवर देईन, आणि नियम माणूस बघून लावायचे नसतात. एका मोठ्या माणसानं एका पोराबरोबर बंद दाराआड राहायचं नाही, संपलं. कोच असो, अध्यक्ष असो. पोरांची कपडे बदलायची खोली वेगळी, त्यात दुसऱ्या कोणत्याही मोठ्यानं जायचं नाही, लहान असेल तर त्याची आई किंवा बाप जाईल. मी मघाशी मागे जाऊन ती खोली बघून आले, आतून कडीच नाही, खिळ्याला सुतळी गुंडाळून दार ओढून घेतात पोरं, आणि खिडकीच्या बाहेर स्कूटर लावायची जागा आहे. दोन-तीनशे रुपयांची कडी आहे हो! कोचनं पोराला एकट्याला मेसेज करायचा नाही, जे सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर. पाय मुरगळला, मालिश करायची, तर सगळ्यांसमोर बाकावर. घरी सोडायचं तर आईबापानं लिहून दिलेल्या माणसाबरोबरच, "मी तिकडंच चाललो होतो" म्हणून मोटरसायकलवर बसवून नाही. आणि आया-ताईंनो, पोरांचे टँकमधले फोटो स्टेटसला ठेवता ना, त्याखाली गाव, क्लबचं नाव, बॅचची वेळ सगळं लिहून, ते बंद करा. हौस आहे तर कपडे घातल्यावर काढा फोटो.

गेटचं रजिस्टर आहे तुमच्याकडे, चांगलं आहे, पण मी पानं चाळली तर सह्या फक्त पाहुण्यांच्या आणि प्लंबरच्या. वॉचमनला विचारलं, मोठे लोक सही करत नाहीत का? तो हसला फक्त. समजलं मला. त्यानं थांबवलं की ऐकून घ्यावं लागतं, "काऊन बे, मले ओयखत नाही का?" ज्याच्या पगारावर तुमची सही आहे तो तुम्हाला अडवेल कसा? म्हणून अध्यक्षसाहेब, उद्यापासून रोज संध्याकाळी पहिली सही तुमची, वेळ टाकून, वॉचमनसमोर उभं राहून. आठ दिवस करा, मग तो कोणालाही थांबवेल.

त्रास देणाऱ्या माणसाची पोराच्या हळूहळू जवळ येण्याची एक पद्धत असते, तेवढं सांगते. एकाच पोराला खास वागणूक, त्यालाच कॅडबरी, त्यालाच आपल्या मोबाइलवर गेम, मग "हे आपल्या दोघांतच", मग आईबापाचीही मदत करणं, फी भरणं, म्हणजे घरच्यांनाच शंका घ्यायची लाज वाटावी. प्रत्येक प्रेमळ काका तसा नसतो, बहुतेक नसतातच. पण नियम सगळ्यांना सारखे असले की प्रेमळ काकाचं काही बिघडत नाही आणि दुसऱ्याची सोय होत नाही.

आता पोरानं काही सांगितलं तर. तुमची सवय मला माहीत आहे, कार्यकारिणीची तातडीची बैठक, चहा, "गोष्ट बाहेर नाही गेली पायजे", मग त्या माणसाचा राजीनामा घ्यायचा आणि तो दुसऱ्या तालुक्याला. हा गुन्हा आहे. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच आहे, नाही कळवलं तर कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत. आणि लांबचं उदाहरण नको, आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं, राजुऱ्याच्या शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं २०१९ चं प्रकरण. त्यात माहिती असून कळवलं नाही म्हणून एका डॉक्टरवरही गुन्हा लागला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्यापुरता तो रद्द केला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो परत उभा केला, म्हणाले की वेळेवर कळवलंच नाही तर कायद्याचा हेतूच मारला जातो.

खरं-खोटं ठरवणं तुमचं काम नाही. पोराला दहा जणांसमोर उभं करून परत परत विचारू नका, त्या माणसाला बोलावून आमनेसामने करू नका, आणि त्याला मारायलाही जाऊ नका. पोरगं जेवढं बोललं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहा, तारीख-वेळ टाका, आणि ठाण्यात जा, नाहीतर मुलांच्या हेल्पलाइनला १०९८ किंवा ११२ लावा. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर केस होत नाही, तसं कायद्यातच आहे. पोराचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी असते आणि वर्दीत नसते, ठाण्यात रात्रभर बसवतील ही भीती नको. आणि नाव, शाळा, फोटो, काहीच ग्रुपवर टाकायचं नाही, तोही गुन्हाच आहे.

तिकडून दादांनी हात वर केलाय. हो, बोला. दादा म्हणतात, ताई, आमचा कोच एकच, दुसरा माणूस ठेवायला पैसा नाही, मग दोन मोठी माणसं कुठून आणायची? पालकांच्या पाळ्या लावा. तीस पोरं आहेत म्हणता, म्हणजे एका घराची पाळी महिन्यातून एकदा येते. ज्याची पाळी तो टँकच्या काठावर खुर्ची टाकून बसेल, मोबाइल खिशात ठेवून. आई येवो, बाप येवो, आजोबा येवोत. यादी फळ्यावर लावा, पाळीला कोणी आलं नाही तर त्या दिवशी पोरांची बॅच बंद. आणि कोचचा पडताळणीचा कागद एक तारखेपर्यंत आला नाही तर शिबिर तो आल्यावर सुरू करा, पत्रिका छापून झाल्या असल्या तरी.