सेंट जॉनला निघण्याआधी वारा विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या देवबागला कुणी समुद्रावर निघालं की घरातलं म्हातारं माणूस आधी विचारायचं, आज तिथी काय? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी लोटायची की थांबायचं एवढं त्यावरून कळतं. हा हिशेब डोक्यात घेऊन मी पहिल्यांदा कॅरिबियन समुद्रातल्या सेंट जॉन बेटावर गेले आणि तिथे तो काहीच कामाला आला नाही. तिथे भरती आणि ओहोटी यांत फरक जेमतेम फूटभर. सकाळी वाळूवर जिथे चपला काढाव्यात, संध्याकाळी जवळपास तिथेच पाणी. त्या समुद्रावर सत्ता चालते ती वाऱ्याची.

आज मी बोलणार आहे ते यावरच. अमेरिकेतली कितीतरी मराठी कुटुंबं नाताळच्या सुट्टीत या बेटांकडे जातात. भारतातून आलेले आईवडीलही सोबत असतात. निघण्याआधी यादी केली जाते, या दिवशी हा किनारा, त्या दिवशी तो, मग स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांना मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्याखालचं बघत तरंगणं, मग शिडाची होडी. यादी करावी, जरूर करावी. पण कोणत्या दिवशी काय, हे वाऱ्याला विचारून ठरवावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

सेंट जॉन हे अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन बेटांपैकी एक. 1917 साली अमेरिकेनं ही बेटं डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला विकत घेतली. सेंट जॉनवर विमानतळ नाही. शेजारच्या सेंट थॉमसला उतरायचं, टॅक्सीनं रेड हुकच्या धक्क्यावर यायचं आणि फेरीत बसायचं, वीसेक मिनिटांत सेंट जॉनचं क्रूझ बे हे गाव. बेट लहानसंच, पन्नास चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्याचा निम्म्याहून जास्त भाग 1956 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. किनाऱ्यांवर हॉटेलांच्या रांगा दिसत नाहीत, त्या यामुळेच. गाडी भाड्यानं घेणार असाल तर आपल्याकडल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवायचं, फक्त स्टिअरिंगही डावीकडेच असतं. घाटातल्या वळणांवर शेजारी बसलेल्यानं समोरून काय येतंय ते पाहत राहावं.

आता वारा. शाळेच्या भूगोलात आपण व्यापारी वारे शिकलो, तेच हे. वर्षभर पूर्वेकडून येतात. हिवाळ्यात ते जरा ईशान्येकडून, उन्हाळ्यात जरा आग्नेयेकडून. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत ते विशेष जोर धरतात, आणि तिथले लोक त्यांना नाताळचे वारेच म्हणतात. म्हणजे आपण सुट्टीला जातो नेमके तेव्हाच. शिवाय हिवाळ्यात दूर उत्तर अटलांटिकमध्ये वादळ झालं की त्याच्या लाटा दोनतीन दिवसांनी बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर येऊन आपटतात. इथे आकाश निळंशार असतं, ऊन पडलेलं असतं, आणि उत्तरेच्या ट्रंक बे या किनाऱ्याचं पाणी मात्र गढूळ होऊन फेसाळत असतं. ज्याला हे ठाऊक नाही तो पोरांना घेऊन त्याच पाण्यात उतरतो.

असा दिवस उगवला तर दक्षिणेला जावं. सॉल्ट पाँड बे त्या दिवशी शांत असतो. गाडी लावून दहाएक मिनिटं चालावं लागतं, सावली फारशी नाही, पाणी आपलं आपण न्यायचं. उन्हाळ्यात गेलात तर उलट, वारा आग्नेयेचा असल्यानं दक्षिण बाजू खळबळते आणि उत्तरेचे किनारे तळ्यासारखे निवांत असतात. म्हणून रोज रात्री हवामानखात्याचा सागरी अंदाज वाचायचा. वारा कुठून, किती, लाटा कोणत्या दिशेच्या, एवढं पाहिलं की उद्याचा किनारा ठरतो. आणि एक जून ते तीस नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा आणि मारिया अशी दोन वादळं दोन आठवड्यांच्या आत आली आणि डोंगरांवर झाडाला पान राहिलं नव्हतं. आपण नारळी पौर्णिमेची वाट पाहतो तशी त्या बेटांवर नोव्हेंबर संपण्याची वाट पाहतात.

स्नॉर्केलिंग सकाळीच करावं. दुपारकडे वारा वाढतो, पाण्यावर खडखड लाटा उठतात आणि नळीत पाणी शिरायला लागतं. शिवाय सेंट थॉमसला क्रूझ जहाज लागलं असेल तर दहानंतर ट्रंक बेवर माणसांचा लोंढा येतो. ट्रंक बेला पाण्याखाली पाट्या लावलेली एक वाट आहे, नवख्यांना ओळख करून द्यायला छान. एकदा जावं, लवकर जावं. पण मुक्काम पाच दिवसांचा असेल तर माझा जीव माहो बेमध्ये अडकतो.

माहो बे उथळ, लांबच्या लांब, आणि तळाला समुद्री गवताचं कुरण. हिरवी समुद्री कासवं तिथे चरायला येतात. माझी आई अडुसष्टाव्या वर्षी तिथे पहिल्यांदा मास्क लावून उतरली. ती पोहायला शिकली विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. तिला म्हटलं, खारं पाणी तुला विहिरीपेक्षा जास्त उचलून धरेल, घाबरू नको. आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नुसता चेहरा पाण्यात घालायला सांगितला. पहिल्या चार श्वासांना ती दचकून वर आली. नाकानं श्वास घ्यायची सवय मोडायला वेळ लागतोच. पाचव्यांदा मात्र ती वर आलीच नाही. तिच्यापासून पंधरावीस फुटांवर एक कासव गवत कुरतडत होतं. मान जराशी वाकडी करायचं, एक घास तोडायचं, तोंडातून गवताच्या काड्या बाजूनं तरंगत जायच्या. पाठीला एक लांबट मासा चिकटलेला, तोही त्याच्याबरोबर हलत होता. मग कासव सावकाश वर आलं, डोकं बाहेर काढून फुस्स करून श्वास सोडला आणि परत कुरणात. आईनं डोकं वर काढलं, नळी तोंडातून काढली आणि म्हणाली, "गो, ह्यां तर गायीसारखां चरतां!"

त्या चरण्यात आपण आडवं येऊ नये, एवढी मात्र विनंती आहे. कासवाच्या मागे लागू नये, हात लावू नये, ते श्वास घ्यायला वर येतं तेव्हा त्याच्या डोक्यावर गोळा होऊ नये. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना आपण दोरीच्या अलीकडे उभे राहतो ना, तसंच. पाय टेकायचे ते वाळूवर, गवतावर नाही आणि प्रवाळावर तर कधीच नाही. 1988 साली एका चारशे चाळीस फुटी प्रवासी जहाजानं याच बेटाच्या फ्रान्सिस बेमध्ये नांगर टाकला आणि प्रवाळात शंभर मीटरहून लांब चर पडला. शास्त्रज्ञ दहा वर्षं तिथे जाऊन पाहत राहिले, जखम भरून आली नव्हती. म्हणून आता उद्यानात होड्या बांधायला ठरावीक तरंगते बोये आहेत. सनस्क्रीनचंही तसंच. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन असलेली सनस्क्रीन तिथे 2020 पासून कायद्यानं बंद आहेत. झिंक ऑक्साइडचं घ्या. त्याहून बरं म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट. पाठ पाण्यावर, तोंड पाण्यात, त्यामुळे ऊन कधी भाजून गेलं ते कळत नाही.

मास्क विकत घेताना पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवायचा आणि नाकानं किंचित श्वास ओढायचा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर आपल्या मापाचा. कडेखाली केस आले की पाणी शिरतं, मिशीवाल्यांना हा त्रास हमखास. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, त्याला जे पैसे पडतील ते द्या. धूसर कासव बघण्यात काय अर्थ? हृदयविकार, दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. बेटावर लहान दवाखाना आहे, मोठं रुग्णालय पलीकडे सेंट थॉमसला. पाण्यात नेहमी जोडीनं राहायचं.

ज्यांना चांगलं पोहता येतं त्यांच्यासाठी वॉटरलेमन की आहे, लेन्स्टर बेच्या टोकाला एक चिमुकलं बेट. किनाऱ्याकाठच्या वाटेनं वीसेक मिनिटं चालायचं आणि मग पोहत जायचं. त्याच्या उत्तर अंगाला प्रवाहाची ओढ असते, तेव्हा दम राखून परतावं. वाटेच्या तोंडाशीच ॲनाबर्गचे अवशेष आहेत, उसाच्या कारखान्याचे. तिथे दगडी पवनचक्कीचा बुरूज अजून उभा आहे. आपली सुट्टी ठरवणारा हाच पूर्वेचा वारा ऊस पिळायच्या चरकाला फिरवत होता आणि त्या चरकात ऊस घालणारी माणसं आफ्रिकेतून धरून आणलेली गुलाम होती. त्याआधी, 1733 च्या नोव्हेंबरात, याच बेटावरच्या गुलामांनी उठाव केला आणि कित्येक महिने बेट हातात ठेवलं. अंगावरचं मीठ वाळेपर्यंत अर्धा तास तिथे थांबा, मुलांना सांगा.

किनाऱ्यावर सावली शोधताना मॅन्चिनील हे झाड ओळखायला शिका. हिरव्या बोराएवढ्या, सफरचंदासारख्या फळांचं. खाल्लं तर जिवावर बेततं, आणि चीक लागला तर बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. पाऊस आला म्हणून त्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणारं पाणी अंग भाजतं. बऱ्याच ठिकाणी पाटी किंवा तांबडा पट्टा असतो, पण तेवढ्यावर विसंबू नये.

आता शिडाची होडी. पहिल्या खेपेला आम्ही इथेच चुकलो. परतीच्या आदल्या दिवशी सहल ठरवली आणि पैसे आधीच भरून टाकले. त्या दिवशी वारा असा की होडी सुरुवातीपासून वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चढत होती, प्रत्येक लाटेवर आदळत होती. सासऱ्यांना तासाभरात बोट लागली. ते दिवसभर बादली धरून बसले आणि मला त्यांच्याकडे बघवेना. दुसरा दिवस हाताशी नव्हता, म्हणून आम्ही निघालो होतो. चूक आमचीच होती.

त्यानंतर मी तिसरा दिवस होडीसाठी ठेवते. वारा फार असला तर चौथ्यावर ढकलता येतं. फोन करून विचारते, किती माणसं घेता, सावली आहे का, शिडी आणि संडास आहे का, वारा वाढला तर तारीख बदलून देता का. वयस्कर माणसं असतील तर सांगते, बेटाच्या आडोशानं चला. पूर्वेला व्हर्जिन गोर्डा या बेटाकडे जाणं म्हणजे वाऱ्याविरुद्ध, धक्के खात. येताना वारा पाठीशी, तेव्हा होडी कशी पाळण्यासारखी येते! पण जाताना सोसावं लागतं. आणि ती ब्रिटिश हद्द आहे, पासपोर्ट लागतो. भारतीय पासपोर्टवर आलेल्यांनी तिकडे शिरायचे आणि परत अमेरिकेच्या हद्दीत यायचे, दोन्ही नियम घरूनच बघून निघावं. पहिल्या खेपेला सेंट जॉनच्याच पाण्यात राहिलात तरी काही कमी पडत नाही. निघण्याआधी पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. आलेपाकाची वडी खिशात, बसायचं मागच्या अंगाला आणि नजर दूर क्षितिजावर. गोळी घ्यायची तर त्रास व्हायच्या आधी घ्यावी लागते, नंतर उपयोग नाही.

आणि शेवटचा दिवस रिकामा ठेवा. कुठेही पैसे भरू नका. राहिलेलं काही असेल तर ते करता येतं. मागच्या खेपेला आमचं काहीच राहिलं नव्हतं. तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून घेतल्या, सकाळी सातला माहोवर गेलो. आई सगळ्यांच्या आधी मास्क घेऊन पाण्यात.

नमस्कार.