एक दिंडी, दोन पंगती

आळंदीहून पंढरपूरला निघालेली ही ज्ञानोबांची पालखी. पाऊणशे एक वर्षांपूर्वी याच वाटेवर, एका दिंडीबरोबर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या एक प्राध्यापकबाई चालत होत्या. इरावती कर्वे.

मानवशास्त्र हा त्यांचा विषय. 1930 साली बर्लिनची डॉक्टरेट मिळवलेली. तिथे माणसांच्या कवट्या मोजून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो मार्गदर्शकाच्या वंशवादी समजुतीला छेद देणारा होता. पुढे गावोगाव हिंडून त्यांनी नात्यांच्या रीती टिपल्या. 1953 मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. तो अभ्यासकांसाठी.

पण तीच विद्या त्या मराठीत आणत, तेव्हा ती घरातल्या बोलण्यासारखी होई. 'युगान्त' या महाभारतावरच्या त्यांच्या पुस्तकातला विदुर आठवा. विदुर हाच धर्मराजाचा बाप असेल का, असं त्या विचारतात. नवरा असमर्थ असेल तर दिराकडून मूल होऊ देणं, म्हणजे नियोग, ही जुनी रीत. मग कुंतीला जवळचा दीर कोण होता? वाचणाऱ्याला हे पटेल किंवा खटकेल, पण समजायला कुठलाही कोश उघडावा लागत नाही. 1968 साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

वारीवरच्या त्यांच्या लेखाचं नाव 'वाटचाल'. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही व्याख्या त्यातलीच. भाषणांतून ती पुष्कळदा ऐकू येते. तिच्या आसपास त्यांनी जे लिहिलंय, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

दिंडीत चालताना सगळे एक. अभंग एक, टाळ एक. जेवायची वेळ झाली की ब्राह्मण एकीकडे, मराठे दुसरीकडे. सगळेच आंघोळ करून जेवणारे, मग हा वेगळेपणा कशासाठी? बरोबर चालणं, बरोबर गाणं, हे फक्त परलोकी एक होण्यासाठी का? हा प्रश्न वाटभर त्यांच्या मनातून हलला नाही.

पंगती एक करणं त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून त्या कधी इकडे जेवत, कधी तिकडे. बरोबर जेवल्यावर मराठा बायका मोकळ्या झाल्या. हात धरून चालू लागल्या, घरचं सांगू लागल्या, 'ताई' म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ म्हणाल्या.

त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारलं, की आता वागता तशाच तेव्हाही आमच्याशी वागाल ना?

हा प्रश्न इरावतीबाईंच्या काळजाला लागला. अभ्यासक म्हणून तो वगळता आला असता. त्यांनी तो लेखात तसाच ठेवला, सगळ्यांनी वाचावा म्हणून. 1962 साली लेखाचं इंग्रजी भाषांतर परदेशातल्या विद्वानांच्या नियतकालिकात छापून आलं.

मराठी घरांतून तोवर तो वाचून झाला होता. त्या मुलीच्या प्रश्नासकट.