एकाच मतपत्रिकेवरची दोन मते : मिझुरीच्या मतदाराविषयी

मित्रहो, अमेरिकन मतदाराच्या मनात काय चालले आहे, याचा अंदाज आपण बहुधा दर चार वर्षांनी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालावरून बांधतो. नकाशावर काही राज्ये लाल, म्हणजे रिपब्लिकन पक्षाची दिसतात, काही निळी, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची. लाल राज्यातला मतदार सरकारी योजनांच्या विरोधात आणि निळ्या राज्यातला त्यांच्या बाजूने, असा हिशेब आपण मांडून मोकळे होतो. हा हिशेब फार अपुरा आहे, असे मला आज सांगायचे आहे. त्यासाठी सगळी अमेरिका न घेता मी मिझुरी हे एकच राज्य घेणार आहे. देशाच्या मधोमध असलेले, पूर्वेला सेंट लुईस, पश्चिमेला कॅन्सस सिटी, दक्षिणेला ओझार्कचा डोंगराळ भाग आणि मध्ये शेती असे हे राज्य. १९०४ ते २००४ या शंभर वर्षांत, १९५६चा एक अपवाद सोडला, तर मिझुरीने ज्याला कौल दिला तोच राष्ट्राध्यक्ष झाला. आज मात्र ते रिपब्लिकन पक्षाचे पक्के राज्य मानले जाते.

६ नोव्हेंबर २०१८ या दिवशी मिझुरीच्या मतदाराच्या हातात जी मतपत्रिका पडली, तिच्यापासून सुरुवात करू. तिच्यावर सेनेटच्या जागेसाठी दोन प्रमुख उमेदवार होते. एक डेमोक्रॅटिक पक्षाच्या विद्यमान सेनेटर क्लेअर मॅकॅस्किल आणि दुसरे रिपब्लिकन पक्षाचे जॉश हॉली. ओबामांच्या काळातला आरोग्यविमा कायदा रद्दबातल ठरवावा म्हणून अनेक राज्यांनी मिळून जो दावा लावला होता, त्यात मिझुरीचे महाधिवक्ता या नात्याने हॉली सामील होते. मतदारांनी हॉलींना निवडून दिले. पण त्याच मतपत्रिकेवर, थोडे खाली, एक प्रश्नही होता : राज्यातले किमान वेतन टप्प्याटप्प्याने वाढवून २०२३पर्यंत ताशी १२ डॉलर करावे काय? त्या वेळी ते ७.८५ डॉलर होते. या प्रश्नाला ६२ टक्के मतदारांनी ‘होय’ म्हटले. किमान वेतनवाढ ही तर डेमोक्रॅटिक पक्षाची मागणी. मग एकाच केंद्रावर, एकाच कागदावर, दोन-चार मिनिटांच्या अंतराने हजारो माणसांनी वरच्या चौकटीत एक मत दिले आणि खालच्या चौकटीत त्याच्या उलट्या दिशेचे.

हा एकदाच घडलेला प्रकार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कामगार संघटनांची वर्गणी कोणावरही सक्तीची असू नये असा, संघटनांची ताकद कमी करणारा कायदा मतदारांपुढे आला होता. तो विधिमंडळाने २०१७ मध्ये संमत केला होता. कामगारांनी तीन लाखांहून अधिक सह्या गोळा करून त्याची अंमलबजावणी थांबवली आणि मतदारांनी तो दोनास एक अशा प्रमाणात फेटाळला. ऑगस्ट २०२० मध्ये गरिबांसाठीची मेडिकेड ही आरोग्ययोजना विस्तारण्याची घटनादुरुस्ती ५३ टक्के मतांनी संमत झाली, आणि तीनच महिन्यांनी त्या राज्याने डोनाल्ड ट्रम्प यांना जवळजवळ ५७ टक्के मते दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांची मते ५८ टक्क्यांवर गेली. त्याच दिवशी गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालणारी दुरुस्ती सुमारे ५२ टक्क्यांनी आणि किमान वेतन १५ डॉलरवर नेऊन पगारी आजारपणाची रजा देणारा प्रस्ताव ५७ टक्क्यांहून अधिक मतांनी संमत झाला.

या विसंगतीवर सोपे उत्तर असे दिले जाते की मतदार अडाणी आहे, त्याला आपण काय करतो ते कळत नाही. मला हे उत्तर अन्यायाचे वाटते. आपल्याला तर ते मुळीच शोभत नाही, कारण आपल्या अगदी जवळ असाच प्रकार घडलेला आहे. डिसेंबर १९६३च्या पहिल्या निवडणुकीत गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सत्तेवर आणले. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात त्यांनी विलीनीकरण ३४,०२१ मतांच्या फरकाने नाकारले. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी दयानंद बांदोडकरांच्या त्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले. बांदोडकरांना मत देणाऱ्या कुळाला आणि कष्टकऱ्याला काय हवे होते, आणि विलीनीकरणाच्या प्रश्नापुढे उभे राहिल्यावर त्याला काय नको होते, हे ज्यांना ठाऊक आहे ते गोव्याच्या मतदाराला अडाणी म्हणणार नाहीत. त्याला दोन वेगळे प्रश्न विचारले गेले होते आणि त्याने दोन वेगळी उत्तरे दिली, इतकेच.

मिझुरीतही तेच आहे. उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नाव छापलेले असते, आणि त्या एका शब्दात फार मोठे ओझे असते : आपण कोणत्या चर्चमध्ये जातो, गावात राहतो की शहरात, घरात बंदूक आहे की नाही, आपल्यासारखी माणसे कोणाला मत देतात आणि कोण आपल्याला तुच्छ लेखते. ताशी १२ डॉलर पुरे की नाही, या प्रश्नापुढे कोणत्याही पक्षाचे नाव नसते. दुकानात रात्रपाळी करणारी बाई किंवा जिच्या सुनेला विमा नाही अशी सासू त्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या संसाराकडे पाहून देते. पक्षाचा शिक्का काढून घेतला की मत बदलते, हे अमेरिकन राजकारणातले फार महत्त्वाचे सत्य आहे.

शिक्क्याइतकेच शब्दाचेही आहे. १९४०च्या दशकाच्या आरंभी जनमताचे अभ्यासक डोनाल्ड रग यांनी एक साधा प्रयोग केला. लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी असावी काय, असे विचारल्यावर ६२ टक्के लोक ‘नसावी’ म्हणाले; अशा भाषणांवर बंदी घालावी काय, असे दुसऱ्या गटाला विचारल्यावर मात्र ४६ टक्केच ‘घालावी’ म्हणाले. अर्थ एकच, पण ‘बंदी’ हा शब्द अमेरिकन मनाला झोंबतो. १९८०च्या दशकापासून शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या सर्वसाधारण सामाजिक सर्वेक्षणात हेच सतत दिसत आले. ‘गरिबांना मदत’ यावर सरकार फार कमी खर्च करते, असे म्हणणारे साठ टक्क्यांच्या पुढे. पण तोच खर्च ‘वेल्फेअर’ या नावाने विचारला की तसे म्हणणारे उरतात सुमारे चौथाई. ‘वेल्फेअर’ या शब्दाला तिथे फुकट खाणाऱ्याचा, आणि खरे सांगायचे तर वंशद्वेषाचाही, वास चिकटलेला आहे. २०१७ मध्ये ओबामांचा कायदा रद्द करण्याची खटपट जोरात असताना झालेल्या एका पाहणीत, ‘ओबामाकेअर’ आणि ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’ हे कायद्याचे अधिकृत नाव, ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, हे सुमारे एकतृतीयांश लोकांना ठाऊक नव्हते. शेजारच्या केंटकीत राज्याने तीच योजना ‘कायनेक्ट’ या स्थानिक नावाने चालवली, तेव्हा ओबामाकेअरविषयी नापसंती दाखवणारे ५७ टक्के होते आणि कायनेक्टविषयी फक्त २२. ज्या माणसाला त्या योजनेमुळे औषध मिळते तोच तिच्या नावाचा तिरस्कार करतो, हे पाहून हसू येण्याऐवजी वाईट वाटले पाहिजे, कारण त्या तिरस्कारावर कोणीतरी वर्षानुवर्षे पैसा आणि श्रम खर्च केलेले असतात.

आरोग्यविम्याची ही कथा मिझुरीपासून दूर नाही. याच राज्याचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे मांडली. डॉक्टरांच्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तिला ‘समाजवादी वैद्यक’ ठरवले आणि शीतयुद्धाच्या वातावरणात तेवढे दोन शब्द पुरेसे झाले. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन मिझुरीतल्या इंडिपेंडन्स या गावी मुद्दाम गेले, वृद्धांसाठीची मेडिकेअर आणि गरिबांसाठीची मेडिकेड यांच्या कायद्यावर त्यांनी ट्रुमन यांच्यासमोर सही केली आणि मेडिकेअरचे पहिले कार्ड त्यांनाच दिले. आज मेडिकेअरला हात लावायला कोणताही पक्ष धजत नाही. २००९च्या वादात तर ‘सरकारने माझ्या मेडिकेअरपासून दूर राहावे’ अशा अर्थाची वाक्ये सभांमधून ऐकू आली. तेव्हा त्यांची टिंगल झाली. मला त्यात एक गंभीर गोष्ट दिसते : जी योजना माणसाच्या आयुष्यात मुरते ती त्याला ‘सरकार’ वाटत नाही, ती त्याला स्वतःची वाटते. १९५८ मध्ये, हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर प्रथम विचारला गेला तेव्हा, वॉशिंग्टनचे सरकार बहुधा योग्य तेच करील असे मानणारे सुमारे तीनचतुर्थांश अमेरिकन होते. व्हिएतनाम आणि वॉटरगेटनंतर हा विश्वास ढासळला आणि अलीकडच्या वर्षांत तो पाचांत एकाच्या आसपास आहे. एवढा अविश्वास असूनही मेडिकेअर टिकते, याचे कारण तेच असावे.

आता माझ्याच मताविरुद्ध जाणारा पुरावाही मांडला पाहिजे. पक्षाचा शिक्का काढला की जनतेचे खरे मत बाहेर येते, असे म्हणून थांबता येत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत लहान मुलांची हत्या झाली, त्यानंतरच्या पाहण्यांत बंदूक विकताना प्रत्येक ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावी, याला नव्वद टक्क्यांच्या आसपास पाठिंबा दिसत होता. एप्रिल २०१३ मध्ये सेनेटमध्ये त्या दिशेच्या प्रस्तावाला ५४ मते मिळाली, पण चर्चा संपवायला ६० मते लागतात म्हणून तो पडला. इथवर दोष सेनेटच्या नियमांचा. पण २०१६ मध्ये तोच प्रश्न नेवाडा आणि मेन या दोन राज्यांत थेट मतदारांपुढे गेला, तेव्हा नेवाडात तो एका टक्क्याहून कमी फरकाने कसाबसा संमत झाला आणि मेनमध्ये पडला. टेलिफोनवर दिलेले ‘होय’ आणि महिनोन्महिने प्रचार ऐकून, शेजाऱ्याशी वाद घालून दिलेले ‘होय’ यांत एवढे अंतर असते. पाहणीतला आकडा म्हणजे त्या क्षणीचा कल. त्या कलासाठी माणूस काय सोडायला तयार आहे, हे तो आकडा सांगत नाही.

पाहणीचा आकडा मुळातच चुकू शकतो, हेही मिझुरीनेच जगाला दाखवले. १९४८च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जनमतपाहणी करणाऱ्या गॅलप यांच्या शेवटच्या अंदाजात रिपब्लिकन उमेदवार ड्युई ट्रुमन यांच्या पाच टक्के पुढे होते. मतदानानंतर दोनच दिवसांनी सेंट लुईसच्या रेल्वे स्थानकावर ट्रुमन यांनी ‘ड्युईंकडून ट्रुमन पराभूत’ असा मथळा छापलेला शिकागो ट्रिब्यूनचा अंक हसत उंच धरला. पाहण्या मतदानाच्या बऱ्याच आधी थांबवल्या गेल्या होत्या आणि शेवटच्या दिवसांत वळलेली माणसे त्यांत आलीच नव्हती.

मतदाराने मत दिले, ते मोजले गेले, यानंतर त्या मताचे काय होते, हा भाग मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. २०२० मध्ये संमत झालेल्या मेडिकेडच्या विस्ताराचा लाभ पावणेतीन लाख लोकांना होईल असा अंदाज होता. विधिमंडळाने त्यासाठी पैसेच मंजूर केले नाहीत आणि गव्हर्नर पार्सन यांनी विस्तार मागे घेतला. जुलै २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मतदारांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे तो अमलात आला. २०२४च्या प्रस्तावातली पगारी आजारपणाची रजा विधिमंडळाने पुढच्याच वर्षी रद्द केली. मतदान होऊन तेव्हा वर्षही उलटले नव्हते. ज्या मतदारांनी ती रजा मागितली त्यांच्यापैकी अनेकांनी ती रद्द करणाऱ्या आमदारांनाही निवडून दिले होते, हे खरे आहे, आणि त्या आमदारांचा युक्तिवाद हाच असतो की जनादेश आम्हालाही आहे. हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्या प्रश्नावर मतदाराने स्पष्ट शब्दांत उत्तर दिले आहे, त्या प्रश्नापुरते ते उत्तर त्याच्या पक्षनिष्ठेपेक्षा वरचे मानले पाहिजे.

तरीही शब्दांचा प्रश्न इथेही पिच्छा सोडत नाही. २०१८ मध्ये मिझुरीच्या मतदारांनी मतदारसंघांच्या सीमा निःपक्षपाती पद्धतीने आखण्याची घटनादुरुस्ती ६२ टक्क्यांनी संमत केली होती. २०२० मध्ये विधिमंडळाने दुसरी दुरुस्ती पुढे आणली. तिच्यात आरंभी आमदारांनी भेटवस्तू घेण्यावर बंदी आणि देणग्यांच्या मर्यादेत शंभर डॉलरची कपात होती, आणि नंतर सीमा आखण्याची नवी पद्धत गुंडाळण्याची तरतूद. ती ५१ टक्क्यांनी संमत झाली. काही मतदारांनी खरोखर विचार बदलला असेल. काहींनी पहिली ओळ वाचून ‘होय’ म्हटले असेल. दोघांची मते एकाच पेटीत पडली आणि सारखीच मोजली गेली.

गर्भपाताच्या हक्काचा प्रश्नही २०२५ मध्ये विधिमंडळाने पुन्हा मतदारांपुढे न्यायचे ठरवले आणि त्यासाठी नोव्हेंबर २०२६ची निवडणूक निवडली. लगेच वाद न्यायालयात गेला, आणि त्यातला एक मुख्य मुद्दा हा होता की मतपत्रिकेवर छापायच्या त्या सारांशात, ‘होय’ म्हटल्यास आपण २०२४ मध्ये दिलेला हक्क रद्द होईल, हे मतदाराला स्पष्टपणे सांगितलेले आहे की नाही.