फुलण्याआधी खुडलेली कळी

काळ्या दगडी बांधांच्या आडोशाला जमिनीवर पसरलेली ही हिरवी झुडपे केपरची, म्हणजे ज्याच्या न फुललेल्या कळ्या मिठात मुरवून खातात त्या वनस्पतीची आहेत. सिसिली आणि ट्युनिशिया यांच्यामधील पँतेल्लेरिया हे इटालियन बेट ज्वालामुखीतून घडले असून त्यावर एकही नदी नाही, वारा मात्र बाराही महिने आहे.

'कॅपॅरिस स्पिनोसा' या शास्त्रीय नावातच काटा आहे. रानातल्या झुडपाला पानांच्या देठाशी जोडीने येणारे वाकडे काटे तोडणाऱ्याची बोटे सोलून काढतात. म्हणून बेटावरच्या लागवडीत 'नोचेल्लारा' हे जवळजवळ बिनकाट्याचे वाण आले. बी सहजासहजी रुजत नाही, त्यामुळे छाटकलमांचा आधार घेतला जातो.

हिवाळ्यात पाने गळाली की सगळ्या फांद्या बुंध्यालगत छाटतात. पाहणाऱ्याला ही छाटणी निर्दय वाटते. परंतु कळी नव्या फुटव्यावरच धरत असल्याने येथे हात आखडला तर उन्हाळ्यात टोपली रिकामी राहते.

मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत, ऊन चढण्यापूर्वी, ही माणसे कमरेत वाकून एका हाताने फांदी उचलतात आणि दुसऱ्या हाताने मटाराएवढी घट्ट कळी देठासकट खुडतात. आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्याच झुडपापाशी यावे लागते, आणि कळी जितकी लहान तितका तिला भाव अधिक. चार पांढऱ्या पाकळ्या आणि जांभळ्या केसरांचा झुबका असलेल्या या फुलासाठी आमच्या छायाचित्रकाराने सबंध सकाळ खर्च केली. शेतकऱ्याच्या लेखी मात्र ती नजरेतून सुटलेली कळी होती.

ताजी कळी कडू लागते. आषाढी द्वादशीला वाघाटीची भाजी खाऊन उपवास सोडणाऱ्यांना याचे नवल वाटू नये, कारण वाघाटीही कॅपॅरिस प्रजातीचीच आहे. येथे कळ्या समुद्री मिठात घोळवून रोज ढवळतात, सुमारे दहा दिवसांनी सुटलेले पाणी निथळून पुन्हा मीठ घालतात आणि तितकेच दिवस थांबतात. मग कडवटपणा ओसरून मोहरीसारखा झणका वर येतो.

या केपरला 1996 पासून युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. मोरोक्को आणि तुर्कस्तानातून स्वस्त माल येत असल्याने बेटावरची लागवड पूर्वीच्या मानाने बरीच घटली आहे.

पिंपातल्या मिठात कोपरापर्यंत बुडालेला हा हात सकाळच्याच तोडणीचा माल ढवळत आहे.