न चुकणारा संगणक आणि फोनमधला आवाज

(दृश्य: निफाड तालुक्यातली द्राक्षबाग, सकाळ)

रात्री पाऊस झालाय. गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) होऊन महिना उलटला, बाग फुलोऱ्यात आणि पानं अजून ओली. बागाईतदारांना धास्ती डावणी या बुरशीजन्य रोगाची. ते फोन तोंडाशी धरतात : "फुलोऱ्यात पाऊस झालाय, डावणीसाठी आता काय फवारू?"

फोन मराठीत उत्तर देतो. आवाज स्वच्छ, सौम्य, कुठेही न अडखळणारा.

असा आवाज विज्ञानकथेने फार आधी ऐकला होता. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात हॅल ९००० हा संगणक अंतराळयान चालवतो, गप्पा मारतो, ओठांच्या हालचालींवरून माणसांचं बोलणंही ओळखतो. त्या काळच्या खऱ्या यंत्रांची मजल कुठवर होती? १९६१ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ या संगणकाकडून 'डेझी बेल' हे गाणं गाऊन घेतलं गेलं. चित्रपटाचे सहलेखक आर्थर क्लार्क यांनी ते ऐकलं आणि तेच गाणं पुढे हॅलच्या तोंडी आलं. ऐकण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंदच होता. आयबीएमचं 'शूबॉक्स' हे यंत्र १९६२ मध्ये लोकांसमोर आलं, तेव्हा त्याला ओळखता यायचे फक्त १६ शब्द, त्यांतले दहा तर आकडेच.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर उमटणारी मराठी अक्षरं)

आजचा फोन आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे बारीक तुकडे पाडतो आणि हे शब्द कोणते असावेत, याचा अंदाज बांधतो. मग लँग्वेज मॉडेल कामाला लागतं. अफाट मजकूर वाचून ते एक गोष्ट शिकलेलं असतं : इथवरच्या शब्दांनंतर पुढे काय येण्याची शक्यता जास्त. उत्तर असं तुकड्यातुकड्याने जुळत जातं. म्हणूनच ते बरोबर असो वा चूक, सारख्याच ठामपणे येतं.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या आडगावला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते जयंत नारळीकर, खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार. विज्ञानकथेतलं विज्ञान पक्कं हवं, हा त्यांचा आग्रह असे. त्या नजरेने हॅलची कथा पुन्हा पाहावी. लोकांच्या लक्षात राहिला तो माणसांवर उलटलेला हॅल. मला त्याआधीचा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. यानाच्या अँटेनाचा एक भाग ७२ तासांत बंद पडणार, असं हॅल सांगतो. अंतराळवीर तो काढून तपासतात, तर त्यात काहीच दोष नाही. हॅल म्हणतो, चूक माणसाचीच असणार.

आपल्या फोनमधलं यंत्र हटवादी नाही. 'हे चुकलं' म्हणा, लगेच माफी मागतं आणि तेवढ्याच गोड आवाजात दुसरं उत्तर देतं. तेही चुकीचं असू शकतं. बंडखोर यंत्राची भीती कथांनी आपल्या मनात घट्ट बसवली. नम्रपणे चुकणाऱ्या यंत्रापुढे कसं सावध राहायचं, हे मात्र आपल्याला आपलं शिकावं लागतंय. द्राक्षात ही सावधगिरी चुकली तर फार महागात पडतं. एक्स्पोर्टच्या बागेत चुकीचं औषध पडलं की रेसिड्यू (औषधाचा उरलेला अंश) तपासणीत माल नापास होतो आणि वर्षाची मेहनत पाण्यात जाते.

(दृश्य: बागाईतदार चष्मा लावून औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचताहेत)

म्हणून हे बागाईतदार फोनचं उत्तर लेबलशी ताडून बघतात, मग पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींशी. फोनचा उपयोग त्यांना नक्की होतो. हात औषधाने माखलेले असताना विचारता येतं, हेच केवढं मोठं!

पण यंत्राला नाशिकचं बोलणं समजायचं तर ते त्याच्या कानावर पडलेलं हवं. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पात 'भाषादान' नावाची सोय आहे. तिथे वाक्यं वाचून कुणालाही आपला आवाज देता येतो. चांदवडच्या कांदा उत्पादकाने, दिंडोरीत द्राक्षमण्यांची विरळणी करणाऱ्या ताईंनी, घरी अहिराणी बोलणाऱ्या सटाण्याच्या आजोबांनी तिथे मराठी वाचावं, आपल्या नेहमीच्या हेलात. शहरी, पुस्तकी मराठी यंत्रापर्यंत पोचतेच आहे. कमी आहे ती या आवाजांची.