गोळी फुटते तेव्हा

हा आवाज ऐका. टक, टक, आणि मग खरखर. खलात गोळी फुटतेय.

खिडकीतून तिरकं ऊन येतंय म्हणून कॅमेऱ्यात सापडलं, एरवी कोणाच्या लक्षातही आलं नसतं. बत्ता वर उचलला की त्याच्यामागे पांढरी बारीक पूड हवेत उठते आणि सिस्टरच्या मनगटावर जाऊन बसते. दोन सेकंदांचा शॉट आहे. थोडा स्लो करून परत दाखवतो.

गोळी टॅमॉक्सिफेनची. स्तनाच्या कॅन्सरसाठी रोज घ्यायची, शरीरातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनला अडवणारी. पेशंटला गिळता येत नाही, नाकातून नळी आहे, मग गोळी कुटायची, पाण्यात ढवळायची आणि नळीतून सोडायची, वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. याच वॉर्डात शेजारच्या बेडवर केमोची बाटली लटकलीय बघा, ती लावायला आलेल्या सिस्टर गाऊन आणि डबल ग्लोव्हज घालून आल्या होत्या. गोळीला मात्र कोण घाबरतंय!

केमोची ही धास्ती काही उगाच आलेली नाही. १९७९ मधे फिनलंडच्या संशोधकांनी केमो हाताळणाऱ्या नर्सेसची लघवी तपासली, त्यात जनुकांमधे बिघाड करू शकतील अशा पदार्थांच्या खुणा सापडल्या. म्हणजे औषध पेशंटला दिलेलं आणि खुणा नर्सच्या लघवीत. त्यानंतर हळूहळू हवा ओढून घेणारी बंद कपाटं आली, गाऊन आले, ट्रेनिंग आलं. हार्मोनच्या गोळ्या मात्र साध्या कप्प्यातच राहिल्या. २००४ मधे अमेरिकेतल्या नायॉशने, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी संस्थेने, घातक औषधांची यादी काढली आणि त्यात केमोच्या जोडीला इस्ट्रोजेन होतं, टेस्टोस्टेरॉन होतं, प्रोस्टेट वाढल्यावर देतात ते फिनास्टेराइडपण होतं. २०१६ च्या यादीत तर लेबर रूममधे रोज लागणारं ऑक्सिटोसिनसुद्धा आहे. यादीत नाव आलं म्हणून औषध वाईट ठरत नाही हां. पेशंटला त्याची गरज आहे, देणाऱ्याला नाही, एवढाच फरक, आणि हाच फरक वॉर्डात कोणी समजावून सांगत नाही.

आता हा क्लोजअप. फिनास्टेराइडची गोळी, वरून चकचकीत कोटिंग. जोवर हे कोटिंग शाबूत आहे तोवर गोळी नुसती हातात घेतली तर आतलं औषध त्वचेला लागत नाही. तुटली की गोष्ट बदलते. गरोदर बाईने तुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळायची नाही असं कंपनीच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, तो घडी घातलेला कागद जो आपण उघडतसुद्धा नाही. त्याच्याच भावकीतलं ड्युटास्टेराइड मऊ कॅप्सूलमधे येतं, ती गळत असेल तर औषध थेट त्वचेतून आत जातं.

फार्मसीतला काउंटिंग ट्रे बघा. निळा ट्रे, चपटा चमचा, गोळ्या पाच-पाचच्या गटाने सर्रसर्र. ट्रे रिकामा झाल्यावर तळाशी पांढरट थर राहतो आणि त्याच ट्रेमधे पुढच्या पेशंटच्या गोळ्या ओतल्या जातात. या फार्मसीवाल्यांनी आता अशा गोळ्यांसाठी वेगळा ट्रे ठेवलाय, कोपऱ्यावर लाल टेप आहे तो, वापरून झाला की धुवायचा. खर्च म्हणाल तर टेपचा.

आणि हे शिकण्यासारखं आहे, म्हणून पूर्ण ठेवलंय. तीच टॅमॉक्सिफेन, तेच पेशंट, पण खल नाही. आधी ग्लोव्हज, तेही केमोसाठी तपासलेले, कुठलेही नाही. सिरिंजचा दट्ट्या बाहेर काढला, गोळी अख्खी आत टाकली, दट्ट्या परत बसवला, कोमट पाणी ओढलं, टोकाला टोपी. आता थांबायचं. हलवायचं, परत थांबायचं. बघा, गोळीच्या कडा आधी फुगतात, मग ती आपोआप ढासळते आणि पाणी दुधाळ होतं, सगळं बंद सिरिंजच्या आत. वेळ लागतो हे खरंय, आणि एका सिस्टरकडे वीस पेशंट असतील तर हा वेळ कुठून आणायचा हा प्रश्न त्यांना विचारण्यात अर्थ नाही, ड्युटी लावणाऱ्यांना विचारा. कुटण्यावाचून इलाजच नसेल तर निदान बंद प्लॅस्टिकच्या पाऊचमधे कुटा. औषध तयार मिळतं का हे फार्मसीला आधी विचारलेलं सगळ्यात बरं, टॅमॉक्सिफेनचं पातळ औषधही असतं.

तोंडावरचा साधा सर्जिकल मास्क पूड अडवत नाही, त्याला घट्ट बसणारा एन-९५ लागतो.

इंजेक्शनचा हा एकच शॉट. फुलवेस्ट्रंट, तेही स्तनाच्या कॅन्सरसाठीच, पाच-पाच मिलीच्या दोन सिरिंज, दोन्ही कुल्ल्यात एकेक, एक ते दोन मिनिटं घेऊन सावकाश. हवा काढताना सुईच्या टोकावर थेंब येतो, तो गॉजवर टिपला. सुईला परत टोपण नाही, सिरिंजसकट डब्यात.

ही औषधं हाताळणाऱ्याच्या अंगात गेली तर काय होऊ शकतं? गर्भपात, वंध्यत्व, पोटातल्या बाळावर परिणाम, काही औषधांत कॅन्सरचा धोका. इस्ट्रोजेन बनवणाऱ्या कारखान्यात पुरुष कामगारांची छाती वाढल्याच्याही नोंदी आहेत.

ग्लोव्हज उलटे करत काढले, पिशवीत टाकले, आणि आता साबण-पाणी. सॅनिटायझर नको, त्याने जंतू मरतात, औषध तसंच राहतं, उलट पसरतं.

शेवटचा शॉट मावशींचा. पिशवी गळ्याशी धरून उचलतायत, बाहेर नेतायत. त्यांच्या हातात ग्लोव्हज नाहीत.